ऱ्हाईनकाठचे पांढरे घर

राजवाड्यांचे आणि किल्ल्यांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले आहेत. खानावळीचा इतिहास लिहावयास सहसा कोणी बसत नाही. याचे कारण उघड आहे. राजवाड्यात घडते ते घरच्यांच्या इच्छेने घडते, निदान तसा समज तरी असतो. खानावळीत घडते ते येणाऱ्यांच्या इच्छेने. घरच्यांनी दार उघडावे, दिवा लावावा, ताट मांडावे आणि सकाळी हिशेब करावा, एवढेच त्यांच्या वाट्याला येते. तथापि एकच घराणे शंभराहून अधिक वर्षे एकाच नदीच्या काठी पांथस्थांची सोय पाहत राहिले, आणि ती नदी ऱ्हाईनसारखी राजमार्गावरची असली, म्हणजे घरच्यांनी मनात आणो वा न आणो, देशाचे बरेवाईट त्यांच्या ओसरीवरून जातेच.

असे एक घर मी पाहिले आहे. आमचा मुलगा जर्मनीत बॉन येथे नोकरीस होता, तेव्हा आम्ही उभयता काही आठवडे त्याच्याकडे राहिलो होतो. बॉनच्या दक्षिणेला लागूनच बाड गोडेसबर्ग नावाची जुनी वस्ती आहे. पूर्वी ते स्वतंत्र गाव होते, १९६९ साली ते बॉन शहरात सामील झाले. तेथे नदीच्या अगदी काठावर, पाण्याकडे तोंड करून एक लांबट, पांढरीशुभ्र वास्तू उभी आहे. तिचे नाव ऱ्हाईन हॉटेल ड्रेझन. ड्रेझन हे मालकांच्या घराण्याचे आडनाव. लोक मात्र तिला 'ऱ्हाईनकाठचे पांढरे घर' म्हणतात. समोरून मालाच्या लांबच लांब नावा संथपणे जात असतात, आणि पलीकडच्या तीरावर 'सात डोंगर' या नावाने ओळखली जाणारी गर्द झाडीची रांग दिसते. त्यातील ३२१ मीटर उंचीच्या एका शिखरावर पडक्या किल्ल्याचा बुरूज आहे. ते ड्राखेनफेल्स, म्हणजे अजगराचा कडा. सीगफ्रीड नावाच्या वीराने येथेच अजगर मारला अशी दंतकथा आहे, आणि त्या डोंगराच्या उतारावरील द्राक्षांपासून होणाऱ्या तांबड्या मद्याला 'अजगराचे रक्त' असे नाव देऊन तेथील लोकांनी त्या दंतकथेचे चार पैसेही केले आहेत!

मी स्वतः मद्याचा उपासक नाही, आणि या लेखाचा हेतूही त्याची तरफदारी करण्याचा नाही. परंतु त्या खोऱ्यातील पाहुणचाराची कथा द्राक्षाला वगळून सांगताच येत नाही. बिंगेनपासून बॉनच्या परिसरापर्यंतच्या भागाला द्राक्षशेतीच्या हिशेबात 'मध्य ऱ्हाईन' म्हणतात. इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकावे हेच मुळी नवल. उभ्या चढणीवर सूर्याचे किरण अधिक सरळ पडतात, पाटीच्या दगडाची जमीन दिवसभराची ऊब रात्रीपर्यंत धरून ठेवते आणि नदीचे पाणी थंडीची धार बोथट करते, म्हणून ते पिकते. मात्र त्या चढणीवर बैल चालत नाही, यंत्र चालत नाही. माणसाने पाठीला हारा बांधून चढावे आणि उतरावे. एवढ्या कष्टांनंतर हाती येणारे पीक घाऊक व्यापाऱ्याच्या भावाने घालणे परवडत नसे. मग शेतकरी स्वतःच्या अंगणात बाके मांडी, दारावर हिरव्या फांद्यांचा झुबका टांगी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या घरचे मद्य व भाकरी विकी. जर्मन कायद्याने ही प्रथा आजही राखली आहे. वर्षातून फार तर चार महिने आणि चाळीस बैठकींपर्यंत अशी अंगणातली खानावळ परवान्यावाचून चालविता येते. त्या खोऱ्यातील कित्येक कौटुंबिक हॉटेलांचे मूळ अशा झुबक्यात सापडेल. आधी बाक आले, मग छप्पर, मग वरती उतारूसाठी एक खोली.

त्या एका खोलीच्या दहा खोल्या झाल्या त्या आगबोटीमुळे. १८२६ साली कोलोन येथे आगबोटींची कंपनी स्थापन झाली आणि पुढल्या वर्षी नदीवर उतारूंची नियमित वाहतूक सुरू झाली. बायरनने १८१६ साली आपल्या काव्यात ड्राखेनफेल्सचे वर्णन केले होतेच. इंग्रज प्रवासी ते काव्य खिशात घालून येऊ लागले. कोब्लेंट्सचा प्रकाशक कार्ल बेडेकर याने ऱ्हाईनच्या प्रवासाचे एक मार्गदर्शक पुस्तक विकत घेऊन सुधारून छापले, आणि पुढे त्याचे नावच प्रवासी पुस्तकांचे सामान्यनाम होऊन बसले. पाठोपाठ आगगाडी आली. १८८३ साली ड्राखेनफेल्सवर दात्यांच्या रुळांची गाडी चढू लागली. ती अजूनही चढते. हौसेच्या प्रवासाला जणू याच खोऱ्यात बाळसे धरले.

एकीकडे प्रवासी वाढत असता दुसरीकडे द्राक्षाला उतरती कळा लागत होती. द्राक्षाच्या मुळांवर जगणारी फायलॉक्सेरा नावाची सूक्ष्म कीड अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर युरोपात शिरली होती. जर्मनीत ती प्रथम आढळली १८७४ साली, आणि तीही बॉनजवळच्या आनाबर्ग येथील बागेत, म्हणजे आपल्या या पांढऱ्या घरापासून फार दूर नव्हे. डाव्या तीरावरील या भागातील द्राक्षमळे पुढे नाहीसे झाले. आज गोडेसबर्गच्या काठावर उभे राहून मळे पाहावयाचे तर नजर पलीकडच्या तीरावर न्यावी लागते.

१८९४ साली हे हॉटेल उघडले. जेथे कालपर्यंत मळेकरी आणि कोळी राहत, तेथे आता कोलोनचे व्यापारी, निवृत्त अधिकारी, हवापालटासाठी आलेली कुटुंबे येऊ लागली होती. त्यांच्यासाठी ते होते. कौटुंबिक हॉटेल म्हणजे काय, हे ज्यांनी नुसती कंपन्यांची हॉटेले पाहिली आहेत त्यांना सांगावे लागेल. तेथे मालक नोकराच्या आधी उठतो. घरची बाई मुदपाकखान्यात आणि कापडचोपडाच्या कपाटात आपली नजर ठेवून असते. मुले पाहुण्यांच्या पायांतून वाढतात आणि कोणाला उशी दोन लागतात, कोणाला खिडकी उघडी लागते, हे पाढ्यांच्या आधी शिकतात. एक पिढी दुसरीला देते ते मुख्यतः हेच ज्ञान होय. इमारत काय, कोणीही बांधील.

आणि या ज्ञानाच्या पोटी एक शिस्तही असते. पाहुण्याचे गुपित बाहेर जाता कामा नये, त्याच्या मतांशी वाद घालू नये, त्याचे बिल चुकते झाले की त्याच्याविषयी मनात काही ठेवू नये. शांततेच्या काळात ही शिस्त सोन्यासारखी असते.

त्याच गोडेसबर्गमध्ये १९०८ ते १९११ पर्यंत एका निवासी शाळेत रूडोल्फ हेस नावाचा मुलगा शिकत होता. त्याचे वडील इजिप्तमध्ये व्यापार करीत. हा मुलगा पुढे हिटलरचा निकटचा सहकारी झाला. पहिल्या महायुद्धानंतर ऱ्हाईनचा हा प्रदेश दोस्तांच्या सैन्याच्या ताब्यात होता. बॉनच्या भागातून ते सैन्य १९२६ च्या आरंभी निघून गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस हिटलर या हॉटेलात प्रथम उतरला. हेसने सुचविल्यावरून तो आला असे सांगतात. त्या वेळी तो सत्ताधीश नव्हता. तुरुंगात जाऊन आलेला, एका लहान पक्षाचा पुढारी होता. जागा त्याला आवडली. तो पुनःपुन्हा येऊ लागला, आणि सत्ता हाती आल्यावरही येत राहिला.

२९ जून १९३४ रोजी तो येथेच होता. गोबेल्स येऊन मिळाला. संध्याकाळी गच्चीवर बसलेली मंडळी, नदीवर दाटून आलेले वादळ, आत सारखी वाजणारी टेलिफोनची घंटा असे त्या रात्रीचे वर्णन इतिहासकार करतात. मध्यरात्र उलटल्यावर हिटलर बॉनजवळच्या हांगेलार विमानतळावरून म्युनिककडे उडाला, आणि पहाटेपासून त्याने आपल्याच पक्षातील जुन्या साथीदारांची कत्तल आरंभिली. निदान ८५ माणसे त्या दोनतीन दिवसांत खटल्यावाचून मारली गेली. रात्री ज्यांनी त्या मंडळींपुढे चहाफराळ ठेवला असेल, त्या वाढप्यांनी सकाळी टेबले पुसली असतील आणि नेहमीप्रमाणे न्याहारीची मांडणी केली असेल. दोन दिवसांनी वर्तमानपत्र वाचताना त्यांना काय वाटले असेल, याचा विचार मी त्या गच्चीसमोर उभा राहून पुष्कळ वेळ करीत होतो.

चार वर्षांनी त्याहून मोठा प्रसंग आला. सप्टेंबर १९३८ मध्ये झेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन प्रदेश जर्मनीला हवा होता. इंग्लंडचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन वयाच्या ६९ व्या वर्षी विमानाने एकदा बेर्श्टेसगाडेनला जाऊन आले होते. २२ सप्टेंबरला ते गोडेसबर्गला आले, ते फ्रान्सची आणि प्राग सरकारची संमती खिशात घेऊनच. मागता ते देतो, आता युद्ध नको, असा निरोप घेऊन. त्यांचा मुक्काम पलीकडच्या तीरावर, पीटर्सबर्ग डोंगराच्या माथ्यावरील भव्य हॉटेलात होता. ते हॉटेल '४७११' या प्रसिद्ध कोलोन-वॉटरच्या कारखानदाराच्या मालकीचे होते. यजमान हिटलर मात्र नदीकाठी, ड्रेझनमध्ये. तेव्हा पंतप्रधानांनी डोंगर उतरावा, नावेने नदी ओलांडावी, बोलणी करावी आणि पुन्हा नदी ओलांडून डोंगर चढावा, असा क्रम ठरला. दोन्ही तीरांवर बघ्यांची दाटी झाली होती.

विल्यम शायरर हा अमेरिकन वार्ताहर त्या सकाळी हॉटेलच्या बागेत न्याहारी करीत होता. हिटलर नदीवरील आपली नाव पाहण्यासाठी जवळून गेला तेव्हा त्याचा खांदा व पाय विचित्रपणे उडत होता, असे त्याने आपल्या रोजनिशीत नोंदले आहे. हिटलर संतापला की जमिनीवर पडून गालिचा चावतो, ही सुप्रसिद्ध कथाही तेथूनच पसरली. तिचे मूळ बहुधा जर्मन भाषेतील एका वाक्प्रचारात असावे. आपण 'तो हातपाय आपटू लागला' म्हणतो, म्हणजे खरोखरच आपटतो असे नव्हे. परंतु परदेशी वाचकांनी ती अक्षरशः खरी मानली. मला वाटते, गालिचा चावणारा वेडा अशी त्याची कल्पना करणे सोयीचे होते. शांतपणे न्याहारीच्या टेबलांजवळून जाणारा, पाहुणा म्हणून नीटनेटका वागणारा माणूस एवढे करू शकतो, हे मानणे त्याहून फार जड जाते.

चेंबरलेन यांनी आपला निरोप सांगितला, आणि हिटलरने उत्तर दिले की आता एवढ्याने भागणार नाही. त्याला प्रदेश लगेच, सैन्य घुसवून हवा होता. दुसऱ्या दिवशी दोघांची भेट झालीच नाही; नदीपलीकडून अलीकडे आणि अलीकडून पलीकडे पत्रे जात राहिली. रात्री उशिरा पुन्हा बैठक भरली. ती चालू असतानाच झेक सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम झाल्याची वार्ता आत आली. २४ तारखेच्या रात्री दीडच्या सुमारास ती बैठक उठली तेव्हा हिटलरने मुदत थोडी पुढे सरकवून १ ऑक्टोबर केली होती. सवलत मिळाली ती एवढीच. आठवडा उलटण्यापूर्वी म्युनिकचा करार झाला, आणि मार्च १९३९ मध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले.

आपल्याकडेही या घटनांकडे डोळे लागले होते. पंडित नेहरू ऑगस्ट १९३८ मध्ये कन्या इंदिरेसह प्रागला जाऊन आले होते आणि ब्रिटिश सरकारच्या धोरणावर त्यांनी इंग्लंडच्या वर्तमानपत्रातून कडक टीका केली होती. गांधीजींनी ऑक्टोबरमध्ये 'हरिजन'मधून झेक जनतेला उद्देशून लेख लिहिला. परंतु प्रत्यक्ष झेक प्रजेचा कोणीही प्रतिनिधी ड्रेझनच्या त्या दिवाणखान्यात नव्हता. ज्यांचे घर वाटले जात होते त्यांना त्या पंगतीचे आमंत्रणच नव्हते. आणि पाहुणे पांगल्यावर सात आठवड्यांच्या आत, १० नोव्हेंबरला, त्याच नदीच्या काठी बॉन येथील ज्यूंचे प्रार्थनामंदिर जाळण्यात आले.

येथे वाचक विचारतील, आणि मीही विचारीत होतो, की या सर्वांत त्या घरच्या लोकांचा दोष किती? पाहुण्याला देव मानण्याची आपली परंपरा आहे. ती मानणाऱ्या देशातील माणसाला हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही.

माझी आजी नाशकात पंचवटीत यात्रेकरूंसाठी खानावळ चालवीत असे. दारी आलेल्याला आधी पाणी आणि मग नाव, हा तिचा नियम. महिनेवारीने जेवणाऱ्यांत एक सावकार होता. पैशाला चोख, बोलावयास गोड. परंतु जेवण झाले की तो ओसरीवर लोड घेऊन बसे, कुळांना तेथेच बोलावून घेई आणि चारचौघांत त्यांचा पाणउतारा करी. एके दिवशी आजीने त्याचे महिन्याचे उरलेले पैसे मोजून परत केले आणि उद्यापासून दुसरीकडे सोय पाहा म्हणून सांगितले. आजोबा घाबरले, चांगले गिऱ्हाईक गेले म्हणून हळहळलेही. त्यावर ती म्हणाली, "अहो, भुकेल्याला वाढायला माझी कधी ना नाही. पण माझ्या ओसरीवर बसून त्यानं दरबार भरवावा आणि लोकांनी म्हणावं की ह्या घराचा त्याला आधार आहे, हे मला चालायचं नाही."

आजीचे मला फार कौतुक आहे. परंतु सावकाराजवळ फौजफाटा नव्हता, हेही खरे. १९२६ साली ड्रेझनमध्ये उतरलेल्या त्या पुढाऱ्याला 'जागा नाही' असे सांगणे शक्य होते. सांगितले असते तर एका गिऱ्हाइकाचे नुकसान, यापलीकडे फारसे काही झाले नसते. १९३४ साली तसे सांगणे म्हणजे जिवाशी खेळ. १९३८ साली तो प्रश्नच उरला नव्हता. मधल्या वर्षांत कोणत्या दिवशी तो दरवाजा बंद करणे शक्याचे अशक्य झाले, हे त्या दिवशी कोणाच्या लक्षात आले नसेल. मोठ्या माणसाचा पायरव आपल्या घरी आहे याचा मान वाटला असेल, गिऱ्हाईकही वाढले असेल. अशा वेळी मनुष्य स्वतःला सांगतो की, आपला धंदा ताट वाढण्याचा, न्यायनिवाड्याचा नव्हे. हे समाधान खोटे नसते. फक्त अपुरे असते. मालक आणि त्याचा हा पाहुणा यांचे संबंध सलोख्याचे होते, हे घराण्याला पुढेही कधी पुसून टाकता आले नाही.

त्या घराला याची किंमत मोजावी लागली नाही असे नाही. युद्धाच्या उत्तरार्धात हॉटेल सरकारजमा झाल्यासारखेच होते. बूखेनवाल्ड या छळछावणीच्या अखत्यारीखालील एक उपछावणी तेथे उघडण्यात आली, आणि ओलीस म्हणून धरलेली फ्रान्समधील प्रतिष्ठित मंडळी व लष्करी अधिकारी त्या खोल्यांत ठेवण्यात आले. या छावणीला दिलेले सांकेतिक नाव होते 'विन्त्सरश्टूबे', म्हणजे 'द्राक्षबागाइतदाराची बैठक'! खोऱ्यातल्या शेतकऱ्याने दारावर झुबका टांगून ज्या जागी वाटसरूला बसवावे, त्या साध्या, घरगुती जागेचे नाव तुरुंगाला दिले गेले. जनरल द गॉल यांची बहीण मारी-आग्नेस काय्यो ही या कैद्यांतील एक. बूखेनवाल्डमधील हजारोंच्या यातनांशी या कैदेची तुलना होऊ शकत नाही. येथे पलंग होते, जेवण होते, खिडकीतून नदी दिसत होती. पण दाराशी पहारा होता, आणि उद्या काय होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे तिला ऑस्ट्रियातील इटर नावाच्या किल्ल्यात हलविण्यात आले. तेथून ५ मे १९४५ रोजी तिची व तिच्या पतीची सुटका झाली. त्या सुटकेत अमेरिकन सैनिकांच्या बरोबरीने काही जर्मन सैनिकही हिटलरच्या एस. एस. पथकांविरुद्ध लढले, ही त्या युद्धातील एक विलक्षण घटना मानली जाते.

७ मार्च १९४५ रोजी अमेरिकन सैन्याने काही कोसांवर, नदीच्या वरच्या अंगाला, रेमागेनचा पूल जिंकला. दुसऱ्या दिवशी ते गोडेसबर्गच्या वेशीवर होते. गावात रुग्णालये होती, निर्वासित होते. स्वित्झर्लंडचे तेथील कॉन्सल-जनरल फॉन वाइस यांनी मध्यस्थी केली, जर्मन सेनापतीने सैन्य काढून घेतले, आणि गाव लढाईवाचून स्वाधीन झाले. ऱ्हाईनकाठची इतकी शहरे धुळीस मिळाली असता गोडेसबर्गच्या हवेल्या उभ्या राहिल्या त्या यामुळे. पांढरे घरही उभे राहिले.

मग त्या घरात विजेते उतरले. आणखी काही वर्षे त्या खोल्या त्यांच्याच कामासाठी अडलेल्या होत्या, आणि मालकांना स्वतःच्या दारी पुन्हा पाहुणे घेता आले ते १९५२ साली. दरम्यान १९४९ मध्ये बॉन ही पश्चिम जर्मनीची तात्पुरती राजधानी झाली होती. समोरच्या पीटर्सबर्गवर, जेथे चेंबरलेन राहिले होते तेथेच, तिन्ही विजेत्या राष्ट्रांचे उच्चायुक्त बसू लागले. चॅन्सेलर आडेनाउअर यांचे घरही पलीकडेच, ऱ्योनडॉर्फ या गावी होते. परराष्ट्रांचे दूतावास गोडेसबर्गच्या हवेल्यांतून भरले. मेजवान्या, विवाह, परिषदा, नृत्यसमारंभ यांनी हॉटेल गजबजून गेले. हॉटेलाचा जुना लौकिक लोक विसरले असे नव्हे. त्याविषयी बोलावयाचे नाही, एवढे जणू सर्वांनी ठरविले होते. त्या काळच्या जर्मनीत हे मौन घरोघरी होते.

भरभराट पुन्हा ओसरली ती एका मतदानाने. २० जून १९९१ रोजी जर्मन संसदेने ३३८ विरुद्ध ३२० मतांनी राजधानी बर्लिनला नेण्याचे ठरविले. १९९९ साली संसद तेथे गेली. दूतावासांच्या दारांवरील पाट्या एकामागून एक उतरल्या. ज्या गावाचा अर्धा व्यवहार परकीय वकिलातींवर चाले, त्या गावातील हॉटेलवाल्याने काय करावे? ज्यांचे भांडवल परगावचे, त्यांनी गाशा गुंडाळला. घराण्याच्या धंद्याला तसे जाता येत नाही. त्याने मंगलकार्ये घ्यावीत, बागेतल्या चेस्टनटच्या झाडांखाली गावकऱ्यांसाठी बाके मांडावीत आणि तगून राहावे.

शिवाय नदी असतेच. डिसेंबर १९९३ मध्ये आणि पुन्हा जानेवारी १९९५ मध्ये बॉनच्या पाणीमापकावर ऱ्हाईन दहा मीटरच्या वर चढली होती. कोलोनला १९९५ च्या पुराने १९२६ सालच्या पुराची बरोबरी केली: १०.६९ मीटर. याच्या उलट ऑक्टोबर २०१८ मध्ये कोलोनचा मापक अवघ्या ६९ सेंटिमीटरवर येऊन ठेपला आणि नावांना निम्मा मालदेखील वाहून नेणे कठीण झाले. काठावर घर बांधणाऱ्याने दोन्ही पाहावे लागते. आम्ही गेलो तेव्हा पाणी मध्यम होते. मावळतीचे ऊन पलीकडच्या मळ्यांवर पडले होते, आणि चेस्टनटखाली बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांशी मुलाच्या मध्यस्थीने थोडे बोलणे झाले. लहानपणी, युद्धानंतर, त्यांनी या वाटेवरून शाळेत ये-जा केली होती. वडील काही सांगत का, असे मी विचारले. "वडील म्हणत, त्या घराकडे बघू नकोस, सरळ चाल," एवढे ते म्हणाले, आणि मग थोड्या वेळाने, "पण माझ्या लग्नाची मेजवानी येथेच झाली."

आता मौन राहिलेले नाही. २०२२ साली जर्मन दूरचित्रवाणीने या हॉटेलच्या इतिहासावर बेतलेला, त्याच 'पांढऱ्या घराच्या' नावाचा दोन भागांचा चित्रपट दाखविला. त्यातील कुटुंबाचे नावही ड्रेझन हेच असल्याने घर कोणते, हे कोणाला सांगावे लागले नाही. हॉटेल तेव्हाही ड्रेझन घराण्याकडेच होते. त्या खोल्यांत कोण राहिले आणि कोणाला कोंडले गेले, हे आज विचारणाऱ्याला सांगितले जाते. आम्ही उभे होतो त्या जागेहून पीटर्सबर्गचा माथा स्पष्ट दिसत होता. तेथे डिसेंबर २००१ मध्ये अफगाणिस्तानच्या भवितव्याविषयीचा करार झाला, असे मुलाने सांगितले. या वेळी निदान त्या देशाची माणसे पंगतीला होती. काही वेळाने पलीकडे जाणारी नाव धक्क्याला लागली, आणि अंधार पडण्यापूर्वी मळे जवळून पाहावयाचे म्हणून आम्ही तीत जाऊन बसलो.